तोंड उघडा, मॅडम

माझ्या नोकरीत मी भाषणं पुष्कळ केली. झेंडावंदनाची केली, मतदार जागृतीची केली, पूर आला तेव्हा शाळेच्या ओट्यावर उभं राहून केली. पण मनापासूनच्या टाळ्या मला एकदाच पडल्या, आणि त्या भाषणाला नव्हत्या. भात खाल्ल्याबद्दल होत्या.

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात तहसीलदार होते. बदलीचा आदेश आला तेव्हा नागपूरच्या सहकाऱ्यांनी तोंडं पाडली होती. आईनं मात्र दुसऱ्याच दिवशी सामान बांधायला घेतलं. आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडे, ब्रह्मपुरीजवळ. धानाच्या बांध्या, तळी, छोट्या तळ्यांसारख्या बोड्या आणि डास यांच्यातच मी वाढले. "आपल्याच मुलखात जाऊन राह्यलो, रडतं काऊन?" आई म्हणाली. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. मला कार्यालयातल्या बाबूंची नावं पाठ व्हायच्या आत तिनं क्वार्टरच्या कुंपणावर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा वेल चढवला आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांत तिची ये-जा सुरू झाली.

फेब्रुवारीत हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली. आमच्या भागात हा रोग डासांनी घरोघर नेलेला. जंतू रक्तात वर्षानुवर्षं राहतात, माणूस नांगरतो, नाचतो, लग्न करतो, त्याला पत्ताही नसतो. मग केव्हातरी पाय सुजायला लागतो आणि तो उतरत नाही. म्हणून धडधाकट माणसानंसुद्धा गोळ्या खायच्या. लहान बाळं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं तेवढी सोडायची. बाकी नियम दोनच. उपाशीपोटी खायच्या नाहीत, आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर खायच्या. खाल्ल्या की डाव्या हाताच्या बोटावर शाईची खूण.

तालुक्याच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "गोळ्या वाटायच्या नाहीत, खाऊ घालायच्या. 'घरी नेऊन खातो' म्हणणाऱ्याचं बिलकुल ऐकायचं नाही. मग तो कोणी का असेना." तालुका आरोग्य अधिकारी म्हणजे मराठवाड्याकडून नुकताच आलेला एक किडकिडीत तरुण डॉक्टर होता. त्यानं हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पथक आमच्याच कार्यालयात आलं. व्हरांड्यात सगळे रांगेनं उभे राहिले, गोळ्या खाल्ल्या, बोटं रंगवून घेतली. मी आत जिल्ह्याच्या साहेबांसोबत व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ बैठकीत, होते. व्हीसी संपली तेव्हा माझ्या टेबलावर एका बशीत गोळ्या होत्या, वर स्वच्छ रुमाल, बाजूला पाण्याचा ग्लास.

शिपाई म्हणाला, "पथकवाले गेले जी. म्हणे, मॅडमले रांगेत काऊन उभं करता, त्या आपल्या सोयीनं घेतीन."

सूट मी मागितली नव्हती. ती मला बशीतून आली, रुमाल टाकून. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं हे असंच असतं, नकार द्यायलाही उशीर झालेला असतो. पोटात काही नव्हतं, म्हणून 'जेवून घेऊ' म्हणत मी गोळ्या कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या. जेवायला बसले तर वाळूचा ट्रॅक्टर धरल्याचा फोन आला. त्यानंतर गोळ्यांची आठवण मला राहिली नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच तो डॉक्टर क्वार्टरवर आला. चेहरा उतरलेला.

"मॅडम, एक गाव अडलंय. मागच्या वर्षी गोळ्या खाल्ल्यावर एकाला चक्कर आली, बांधावर पडला. आता सगळं गाव म्हणतंय, आधी मोठं कोणी येऊन बोलू द्या. मी जाऊन आलो. मला ते मोठं धरत नाहीत."

मी चहाचा कप तसाच ठेवून निघाले. आई मागून ओरडली, "कण्या शिजल्या हायेत, दोन घास खाऊन जा!" जीप तोवर फाटकाबाहेर गेली होती.

गाव जंगलाला लागून, पण खातंपितं. नुकताच शंकरपट होऊन गेला होता. बैलांच्या शर्यतींना आलेल्या पाहुण्यांसाठी नाटक झालं होतं, आणि त्या नाटकाचा मंच अजून मोडला नव्हता. बल्ल्या, फळ्या आणि मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा, एका बाजूनं फाटलेला. सरपंचांनी मला सरळ त्या मंचावरच नेलं. माइक लावला. खाली बोऱ्या अंथरून सगळं गाव बसलेलं. आमच्या झाडीपट्टीतला माणूस नाटकाला बसतो तसा बसतो, मांडी घालून, पूर्ण तयारीनं, आता दाखवा म्हणून.

मी बोलायला सुरुवात केली. डास, जंतू, शासनाची काळजी, तुमचं सहकार्य. गोळ्या बिनधोक आहेत, सगळ्यांनी खाव्यात, आजच खाव्यात. मला वाटलं, बरं चाललंय.

पुढच्याच बोरीवर एक म्हातारी बसली होती. कोपरापर्यंत गोंदलेले हात, पांढरे केस घट्ट बांधलेले. तिनं हात वर केला.

"मॅडम, एक इचारू का जी?"

"विचारा ना, बाई."

"तुमी खाल्ल्या का गोळ्या?"

मी उत्तर द्यायच्या आधीच माझा डावा हात आपोआप पाठीमागे गेला. म्हातारीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बोट दाखवा."

आता खोटं बोलायचं तर बोट समोर आणावं लागणार. मी तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांची प्रमाणभाषा कुठच्या कुठे गेली. "नाई खाल्ल्या, बाई. पर्समंदी हायेत."

माइक चालू होता. गावाच्या पार टोकापर्यंत ते ऐकू गेलं. आणि असा हशा उसळला की सरपंचही तोंड फिरवून हसायला लागले. मागे गळ्यात दुपट्टा टाकलेला एक ट्रॅक्टरवाला उभा होता. तो म्हणाला, "मॅडमच्या पर्समंदी, माह्या मागच्या सालच्या फणीच्या डब्यात! एकच झालं ना बाप्पा!"

मीही हसले. दुसरं करणार काय? पर्स उघडली, कागदाची पुडी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे पाहा. आत्ता खातो, तुमच्यासमोर." आमच्याकडे बायाही 'खातो', 'येतो' असंच म्हणतात.

तेवढ्यात डॉक्टर माझ्या कानाशी वाकला. "मॅडम, जेवलात का?"

"नाही."

"मग आत्ता नका खाऊ. उपाशीपोटी चालत नाही."

बिचारा हळू बोलला होता, पण माइक माझ्या हातातच होता. पुन्हा हशा. मी पुडी हातात घेऊन मंचावर उभी. आता खाल्ल्या तर नियम मोडतो, आणि नाही खाल्ल्या तर हे गाव हातचं जातं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा पेच मला कोणी प्रशिक्षणात शिकवला नव्हता.

पेच सोडवला म्हातारीनंच. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "मंग जेवा ना जी! भात होऊन हाय."

बघता बघता मंचावर शाळेतलं टेबल आलं, त्यावर स्टीलची थाळी आली. गरम भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, पोपटाच्या शेंगांची भाजी, काठावर तळलेली सांडगी मिरची. मागे फाटका राजवाडा, समोर सगळं गाव, आणि मधे मी एकटी जेवते आहे. लोक बोऱ्यांवरून सूचना करत होते. "मिरची घ्या जी." "भाजी वाढा, भाजी वाढा." "हळू खा, घाई नाई आमाले." डॉक्टरलाही थाळी आली. त्यानं आपलं रंगलेलं बोट पुन्हा पुन्हा दाखवून 'मी खाल्ल्यात, मी जेवलोय' सांगितलं. बोट सगळ्यांनी पाहिलं, पण जेवण काही त्याला चुकलं नाही.

आणि खरं सांगायचं तर वरण फार चांगलं झालं होतं. मी भात मागून घेतला. थाळी साफ झाली तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच त्या टाळ्या.

मग गोळ्यांची वेळ आली. ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "सायबाले किती खा लागते?"

"वय, उंची पाहून," डॉक्टर म्हणाला.

"पद पाहून नाई का?"

"नाही हो, भाऊ."

मी चावायची ती चावली, गिळायच्या त्या गिळल्या, वर ग्लासभर पाणी प्यायले. गावची आशाताई माझ्या शेजारी उभी होती. घरोघर फिरून, गोळी गालात धरून ठेवणारी माणसं पाहून पाहून तिला एक सवय लागली होती. ती अगदी सहज म्हणाली, "तोंड उघडा. जीभ वर करा."

म्हणाली आणि स्वतःच दचकली. हातातलं शाईचं पेन खाली पडलं. डॉक्टरचा चेहरा पांढराफटक. सरपंच म्हणाले, "अवो, कोणाले सांगून राह्यल्या!" सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

मी आ केला. जीभ वर केली. आशाताईनं वाकून आत पाहिलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाली, "गेल्या." मग पेन उचलून तिनं माझं बोट रंगवलं.

सगळ्यात आधी म्हातारी उठली. तिच्यामागे बाया उठल्या. प्रत्येकजण 'जेवून आलो' असं आधी सांगत होता आणि न विचारताच तोंड उघडून दाखवत होता. रांग चांगलीच लांबली. पण मोहाच्या झाडाखाली काही पुरुष तसेच उभे राहिले. ट्रॅक्टरवाला त्यांचा म्होरक्या.

"आमी उद्या पाहू जी," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अजिबात उद्धटपणा नव्हता. "मॅडम उद्या कशी राहते ते पाहू, मंग खाऊ."

"मला काही होणार नाही," मी मोठ्या ऐटीत म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

दिवेलागणीला मला थंडी वाजायला लागली. डोकं जड झालं, मळमळायला लागलं, उठायला गेले तर जमीन हलली. आईनं कपाळाला हात लावला आणि देवापुढचा अंगारा आणायला धावली. मी डॉक्टरला फोन लावला. त्यानं सगळं नीट विचारून घेतलं, ताप किती, श्वास कसा, अंगावर काही उठलंय का. मग त्याचा आवाज एकदम उजळला.

"मॅडम, चांगलं झालं!"

"चांगलं? मला इथे थंडी भरलीय आणि तुम्हाला चांगलं वाटतंय?"

"तसं नाही, मॅडम. ज्यांच्या रक्तात जंतू नसतात त्यांना सहसा काहीच होत नाही. जंतू असले की ते मरताना असा ताप येतो, चक्कर येते. एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणजे बहुतेक... म्हणजे तुमच्याही अंगात ते असणार. गोळ्यांनी काम केलं. मी येतोच तपासायला."

मी फोन ठेवला. गोळ्या मी गावाला दाखवायला खाल्ल्या होत्या. मला त्यांची गरज असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तालुक्याचा नकाशा माझ्या टेबलामागे टांगलेला, त्यावर रोगाची गावं लाल रंगात. त्या लाल ठिपक्यांकडे बोट दाखवून मी बैठका घ्यायचे, आणि ठिपका खुर्चीतच बसलेला.

आईला सांगितलं तेव्हा ती अंगारा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग पलंगावर बसली. "माही मोठी बहीण आठवते ना तुले?" ती म्हणाली. आठवत होती. मावशीचा डावा पाय. तिच्या मापाची चप्पल दुकानात मिळायची नाही. चांभाराकडून टायरची करून घ्यायची, तीही बाजारात सगळ्यांसमोर पाय पुढे करून. म्हणून ती बाजाराला जाणंच टाळायची. "त्या वक्ताले आपल्याकडं अशा गोळ्या कुठी आल्या होत्या," आई म्हणाली. मग डोळे पुसून तिनं आपलं बोट माझ्यापुढे धरलं. त्यावर शाई होती. गल्लीत पथक आलं त्याच दिवशी तिनं खाल्ल्या होत्या. "मी पह्यल्याच दिवशी खाल्ल्या. तू सायब झाली म्हणून मच्छर तुले सलाम ठोकून जाते असं वाटलं का?"

नायब तहसीलदारांचा फोन आला. त्यांना कुठून कळलं देव जाणे. सज्जन माणूस, माझ्या काळजीनंच बोलत होता. "मॅडम, हे बाहेर जाऊ देऊ नका. ते पुरुष वाटच पाहून राह्यले. मॅडम दौऱ्यावर आहेत म्हणून सांगू."

मला ते पटलंही. तापात माणसाला कुठलीही सोपी गोष्ट पटते. पण सकाळी घाम येऊन ताप उतरला आणि आशाताईचा फोन आला. "मॅडम, लोक इचारून राह्यले. काय सांगू जी?"

"काही सांगू नको," मी म्हटलं. "मी येतो."

अंगावर शाल घेतली, यावेळी कण्या खाल्ल्या आणि जीपकडे गेले. आई आधीच मागच्या सीटवर बसलेली. कोणी बोलावलं नव्हतं.

मंच अजून उभाच होता, पण मी त्यावर चढले नाही. मोहाच्या झाडाखाली गेले. तिथे खुर्ची दिली त्यावर बसले. ट्रॅक्टरवाला आणि त्याची मंडळी समोर. म्हातारीही येऊन ठाकली. डॉक्टर आणि आशाताई गोळ्या घेऊन आधीच आले होते.

"काल मी म्हटलं होतं मला काही होणार नाही," मी म्हणाले. "ते चुकलं. मले ताप आला. चक्कर आली. उलटीसारखं झालं." कोणीतरी 'पाहा, म्हटलं ना' असं पुटपुटलं. मी पुढे सांगितलं, ताप का आला ते, डॉक्टरनं सांगितलं तसं. "म्हणजे ते जंतू माझ्याच अंगात होते. मला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही ठाऊक नसेल. तुम्हालाही कदाचित ताप येईल. आला तर आशाताईकडे तापाची गोळी आहे, डॉक्टर आज रात्री गावातच मुक्कामाला राहणार आहेत."

डॉक्टरला हे पहिल्यांदाच कळत होतं, पण त्यानं मान हलवली.

मग आई बोलली. तिला माइक लागला नाही. तिनं मावशीच्या चपलेचं सांगितलं, चांभारापुढे पाय धरण्याचं सांगितलं, आणि "ही माही पोरगी, रात्री कशी कुडकुडून राह्यली होती ते मी पाह्यलं, पण पाय सुजण्यापरीस ताप बरा," असं म्हणून थांबली.

म्हातारी म्हणाली, "म्हणजे सायबाच्या रक्तातबी आमचेच जंतू!"

"तुमचेच," मी म्हटलं.

ट्रॅक्टरवाल्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "एक सांगू का मॅडम? तुमाले ताप आला ते आमाले सकाळीच मालूम झालं होतं. तुमच्या जीपचा ड्रायव्हर या गावचा जवाई हाय."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो टायरातली हवा तपासायला लागला.

"आमी पाहून राह्यलो होतो, मॅडम काय सांगते," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "सर्दी म्हटलं असतं तं आमी खाल्ल्या नसत्या. आणा बाई गोळ्या. सकाळचा जेवूनच बसलो."

त्यानं खाल्ल्या आणि डॉक्टरच्या तोंडाजवळ जाऊन एवढा मोठा आ केला की डॉक्टर मागे सरला. बाकीच्यांनी त्याच्यामागून खाल्ल्या. सगळ्यांनी नाही. एकजण अखेरपर्यंत 'माहा बाप गोळ्या न खाता म्हातारा झाला' म्हणत राहिला, आणि त्याच्यासाठी आशाताईला पुढे आणखी खेपा घालाव्या लागल्या. त्या रात्री गावात काही जणांना ताप आला. डॉक्टर घरोघर जाऊन आला. कोणी घाबरलं नाही. उलट ताप आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पारावर मोठ्या मानानं बसला, असं आशाताईनं फोनवर सांगितलं. "म्हणे, मले मॅडमवाला ताप आला."

आमच्या कार्यालयात मी एक बदल केला. आरोग्याचं कुठलंही पथक आलं की मला व्हरांड्यातून हाक मारायची, व्हीसी चालू असली तरी. पहिल्यांदा हाक मारताना शिपायाचा आवाजच फुटेना. आता तो इतक्या जोरात ओरडतो की जिल्ह्याच्या साहेबांना पलीकडे ऐकू जातं. एकदा त्यांनी विचारलं, काय चाललंय तिथे? मी म्हटलं, सर, रक्तदाब तपासतायत, जाऊन येते. ते म्हणाले, जा. फेब्रुवारीत त्यांच्या वाट्याच्या गोळ्यांचं त्यांनी काय केलं मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस ती म्हातारी तहसीलला आली. उत्पन्नाचा दाखला हवा होता. खिडकीपुढची रांग पायऱ्यांपर्यंत गेलेली. तिनं रांगेकडे एक नजर टाकली आणि सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, माहं काम आधी करून द्या जी."

मी उठून तिला आत बसवलं, पाणी दिलं, गावाची खुशाली विचारली. मग म्हटलं, "बाई, रांग आहे ना बाहेर. सगळे उन्हातून आलेत. सावलीत खुर्ची देतो, पण नंबर तुमचा तुमच्या जागीच."

तिनं डोळे मोठे केले. "मंग तुमाले भात काऊन वाढला होता?"

"गोळ्या खायला."

"हे बरं हाय तुमचं!" ती फणकारली. पदर खोचून उठली आणि बाहेर गेली. रागावली असेल असं वाटून मी खिडकीतून पाहिलं. रांगेच्या शेपटाशी तिनं खुर्ची टाकून घेतली होती, आजूबाजूला चार बाया गोळा केल्या होत्या, आणि स्वतःचं तोंड भलंमोठं उघडून, जीभ वर करून, ती त्यांना काहीतरी दाखवत होती. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.